तीस झाडं, दोनशे एकर: सिसिलीच्या फरचं प्रकरण

खोकला झाला की घरातली मोठी माणसं मधातून तालिसादी चूर्ण चाटवायची. ज्यांनी ते चाटलं आहे, त्यांनी फर या सुईसारख्या पानांच्या झाडाची चव घेतलेली आहे. बाजारात तालीसपत्र म्हणून जी पानं मिळतात ती बहुतेक वेळा हिमालयातल्या फरचीच असतात. सह्याद्रीत फर उगवत नाही. नाताळात कुंडीत सजवतात ते 'ख्रिसमस ट्री'ही आपल्याकडे बहुधा अरोकॅरिया असतं. त्यामुळे हे झाड आपल्याला चवीनं माहीत, डोळ्यांनी नाही.

याच फरचा एक भाऊबंद भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर राहतो. शास्त्रीय नाव आबिएस नेब्रोदेन्सिस. मूळ जागी उरलेली त्याची मोठी झाडं मोजून तीस. प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे, प्रत्येकाची उंची, घेर आणि तब्येत नोंदवलेली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेच्या लाल यादीत ही जाती अतिसंकटग्रस्त आहे. भूमध्य बेटांवरच्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या पन्नास वनस्पतींची यादी २००५ मध्ये निघाली, तिच्यातही ही आहे.

दुर्मिळ वनस्पतींवर बोलताना आपण लगेच आकडा विचारतो. किती उरली? तीस? अरेरे! माझ्या मते या प्रकरणात तीस हा आकडा दुय्यम आहे. झाडं किती आहेत यापेक्षा ती एकमेकांपासून किती लांब उभी आहेत यावर त्यांचं पुढचं सगळं ठरतं. हे कळायला तिथल्या लोकांनाही बराच काळ लागला, आणि मधल्या काळात भल्या हेतूनं केलेली एक चूक निस्तरावी लागली.

जागा

सिसिलीच्या उत्तर किनाऱ्याला लागून मादोनिए नावाची डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर पित्सो कार्बोनारा १,९७९ मीटर भरतं. बेटावर त्याहून उंच फक्त एटना. या रांगेत पोलित्सी जेनेरोसा हे जुनं गाव आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, साधारण १,४०० ते १,६५० मीटर उंचीच्या पट्ट्यात, खडकाळ उतारांवर आणि एका घळीच्या दोन्ही बाजूंना ही झाडं उभी आहेत. घळीचं नाव वाल्लोने मादोन्ना देल्यी आंजेली, म्हणजे देवदूतांच्या मातेची घळ. सगळी मिळून जागा सुमारे ८४ हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांच्या आसपास. भागाकार केला तर साधारण सात एकरांत एक झाड पडतं. प्रत्यक्षात काही झाडं एकमेकांच्या जवळ आहेत, काही अगदी एकटी.

जमीन वालुकाश्माची, माती पातळ, वाऱ्याचा मारा सतत. त्यामुळे इथली झाडं खुजी आणि वेडीवाकडी वाढलेली दिसतात. बागेत चांगल्या मातीत लावलेलं हेच झाड सरळ आणि उंच होतं. म्हणजे खुजेपणा जातीचा नाही, जागेचा आहे. चांगल्या मातीतली झाडं आधीच तोडली गेली. जिथे कुऱ्हाड आणि बैल सहज पोचत नव्हते तिथली तेवढी राहिली. आज आपण ज्याला 'मूळ अधिवास' म्हणतो तो खरं तर या झाडाचा शेवटचा आडोसा आहे, आणि पुढे नवीन रोपं कुठे लावायची हे ठरवताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

नावाबद्दल थोडं सांगायला हवं. आज 'नेब्रोदी' म्हणतात ती रांग मादोनिएच्या पूर्वेला आहे आणि तिथे हे झाड नैसर्गिकरीत्या उरलेलं नाही. जुन्या काळी या सगळ्याच डोंगरांना नेब्रोदेस म्हणत, तेच नाव शास्त्रीय नावात राहिलं. शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'नेब्रोस', म्हणजे हरणाचं पाडस, असल्याचं मानतात. तिथले गावकरी मात्र झाडाला 'अर्वुलु क्रुची क्रुची' म्हणतात. अर्वुलु म्हणजे झाड, क्रुची म्हणजे क्रूस. फांदीच्या टोकाकडे बघितलं की कारण कळतं. मधला कोंभ सरळ पुढे जातो आणि त्याच्या दोन बाजूंना काटकोनात दोन कोंभ फुटतात. टोकाटोकाला छोटा क्रूस. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं झाड हातात धरून पाहिलं होतं.

इथवर कसं आलं

हिमयुगात भूमध्य प्रदेश आजच्यापेक्षा थंड होता आणि फरची जंगलं खाली दक्षिणेपर्यंत पसरली होती. हवा तापली तसे फर डोंगर चढत गेले. आज या समुद्राभोवती त्यांच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या डोंगरांवर अडकून बसल्या आहेत: दक्षिण स्पेनमध्ये एक, अल्जीरियाच्या बाबोर डोंगरावर एक, ग्रीसमध्ये एक, तुर्कस्तान-लेबनॉनच्या बाजूला एक. सिसिलीचा फर हा त्यांच्यातला सर्वांत तोकड्या जागेत उरलेला. बेटावर डोंगर, आणि डोंगरावर पुन्हा एक बेट, अशी त्याची अवस्था आहे.

पण निव्वळ हवामानानं तो तिसावर आला नाही. लाकूड चांगलं, सरळ तुळया निघायच्या. मादोनिएच्या गावांतल्या चर्चच्या आढ्याला हेच लाकूड वापरलेलं आहे. तोड झाली, तोडीच्या जागी शेळ्यामेंढ्या आल्या, आणि जे रोप उगवेल ते त्यांच्या तोंडी गेलं. एकोणिसावं शतक संपता संपता झाड इतकं कमी झालं की वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेले लोयाकोनो पोयेरो यांनी ते वेगळं म्हणून नोंदवलं तेव्हा ते जवळजवळ इतिहासजमा झालेलं होतं. १९०८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मात्तेई यांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. नाव मिळालं आणि झाड गेलं, असाच समज होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर पोलित्सीच्या वरच्या उतारांवर थोडी झाडं पुन्हा नजरेस आली, तेव्हा जतनाचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला.

पोकळ बी

पहिलं निदान सरळ होतं: तोड आणि चराई. उपायही सरळ: तोड बंद, झाडांभोवती कुंपण. १९८९ मध्ये मादोनिए उद्यान झालं, युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात, म्हणजे अधिवास जपण्याच्या कायद्यात, या जातीला अग्रक्रम मिळाला. हे सगळं आवश्यकच होतं. तरीही झाडाखाली रोपांची दाटी व्हायला हवी तशी होईना. कुंपणाच्या आत शेळी नाही, कुऱ्हाड नाही, मग अडतंय कुठे?

उत्तर शंकूत होतं. फरचे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे उभे असतात, पाइनसारखे खाली लोंबत नाहीत. या जातीचा शंकू १० ते १६ सेंटिमीटर लांब. त्यात दीडशे ते दोनशे खवले आणि प्रत्येक खवल्यावर पंख असलेल्या दोन बिया. म्हणजे एका शंकूतून तीनशे-चारशे बिया निघायला हव्यात. शरद ऋतूत शंकू पिकतो आणि झाडावरच सुटा होतो. खवले गळतात, बिया भिरभिरत जातात, फांदीवर नुसती दांडी उभी राहते. अशा बिया गोळा केल्या तर हाताला अगदी नीट लागतात. टणक, पूर्ण आकाराच्या, पंखासकट. पण चिरून पाहिल्या किंवा एक्स-रेखाली धरल्या की बहुतेक आतून पोकळ. टरफल आहे, गर्भ नाही.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रकरणाचा गाभा इथेच आहे. फरमध्ये नर आणि मादी शंकू एकाच झाडावर येतात. मादी शंकू शेंड्याकडे, नर त्याच्या खाली. परागण वाऱ्यानं होतं. जंगल दाट असेल तर शेजारच्या पाच-पन्नास झाडांचे पराग हवेत मिसळलेले असतात आणि मादी शंकूवर परका पराग पडण्याची शक्यता मोठी असते. झाड एकटं उभं असेल तर त्याच्याभोवतीच्या हवेत जवळजवळ सगळा पराग त्याचा स्वतःचाच. मग स्वपरागण होतं.

सूचिपर्णी झाडांच्या अंगात अनेक घातक दोष लपलेले असतात. दोषाची एक प्रत असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण दुसरी निरोगी प्रत काम चालवून नेते. पराग आणि बीजांड एकाच झाडाचं असलं की त्याच दोषाच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते आणि गर्भ कोवळा असतानाच मरतो. पण या झाडांत बीचं टरफल आणि आतली पोषक पेशीरचना गर्भाची फारशी वाट बघत नाही. गर्भ गेला तरी बाहेरचं घर बांधून होतं. म्हणूनच बी दिसायला पूर्ण आणि आत रिकामी.

आणि ज्या थोड्या बिया रुजतात, त्यांचं काय? अलीकडे मोठ्या झाडांचे, त्यांच्या खाली आपोआप उगवलेल्या रोपांचे आणि रोपवाटिकेतल्या रोपांचे जनुकीय ठसे काढून ताडून पाहिले. बहुसंख्य रोपं स्वपरागणातून आलेली निघाली. म्हणजे झाडाखाली दिसणारी हिरवी पिलावळ ही दोन झाडांची संतती नाही, एकाच झाडाची स्वतःपासूनची आहे. अशी रोपं पुढे कमजोर वाढतात आणि दुष्काळाला लवकर बळी पडतात. कुंपणातली रोपं नुसती मोजणाऱ्याला वाटेल की सगळं सुधारतंय. ठसे पाहिल्यावर कळतं की प्रत्येक झाड आपल्या जागी एकटंच फिरून फिरून स्वतःकडे येतंय.

दोनच 'झाडं' असलेली जाती

इथे सिसिलीतल्याच दुसऱ्या झाडाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. बेटाच्या आग्नेय भागात, इब्लेई डोंगरात, १९९१ मध्ये बुक्केरी गावाजवळच्या बोस्को पिसानो या जंगलात एक अनोळखी झुडूप सापडलं. त्याला झेल्कोवा सिकुला नाव मिळालं. हेही प्राचीन काळातून उरलेलं. पुढे आणखी एक ठिकाण सापडलं. दोन्हीकडे मिळून शेकडो खोडं आहेत. आकड्यांत पाहिलं तर फरपेक्षा कितीतरी बरी स्थिती. पण ही जाती त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, त्यामुळे तिची बी रुजत नाही. ती मुळांतून फुटवे काढून वाढते. जनुकीय तपासणीत एका ठिकाणची सगळी खोडं एकच व्यक्ती असल्याचं दिसलं, दुसऱ्या ठिकाणचीही तसंच. शेकडो खोडं, आणि झाडं जेमतेम दोन.

फर आणि झेल्कोवा शेजारी ठेवले की आपल्या गणतीच्या सवयीची मर्यादा स्पष्ट दिसते. तरी फरचं नशीब या दोघांत चांगलं आहे, कारण फरला अजून मीलन करता येतं, फक्त दोन झाडांची गाठ पडायला हवी.

भल्या हेतूनं झालेली चूक

विसाव्या शतकात उजाड डोंगर हिरवे करायची मोहीम इटलीतही झाली. मादोनिएच्या उतारांवर वनीकरणात बाहेरून आणलेले, दुसऱ्या जातींचे फर लावले गेले. हेतूत काही खोट नव्हती. डोंगर धुपत होता, फर तिथं वाढतो हे दिसत होतं, रोपं मिळत होती.

पण फरच्या जाती एकमेकांशी सहज संकर करतात. ज्या झाडाच्या हवेत स्वतःखेरीज दुसरा पराग नाही, त्याच्या शेजारी परका फर आला तर काय होईल? त्या परक्याच्या परागातून आलेली बी भरीव असेल, रोप जोमदार असेल आणि रोपवाटिकेत तेच सगळ्यांत पुढे जाईल. माळी चांगलं रोप निवडतो म्हणून नेमका संकर निवडेल. हा धोका डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळ्यांत जास्त पिढ्या तोच खराब करतो. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय संघाच्या 'लाइफ' निधीतून जो जतन प्रकल्प झाला, त्यात ही परकी झाडं काढून टाकणं हेही एक काम होतं. निरोगी, हिरवीगार, वाढलेली झाडं तोडायची, तीही उद्यानात, तीही निसर्ग जपण्यासाठी. हे गावात समजावून सांगणं सोपं नसणार. पण मला हा निर्णय बरोबर वाटतो. आपल्याकडेही उघड्या दिसणाऱ्या सड्यांवर आणि टेकड्यांवर उंदीरमारी हे बाहेरून आलेलं झाड लावून हिरवळ आणली गेली आहे. पावसाळ्यात त्या सड्यावर उगवणारं इवलंसं काही तिच्या सावलीत गेलं, तर त्याची नोंदही कुणाकडे नसते.

एक वेगळं मतही ऐकून घ्यायला हवं. काही अभ्यासक सिसिलीच्या फरला युरोपच्या नेहमीच्या रुपेरी फरची उपजाती मानतात. मग नातं इतकं जवळचं असेल तर मुद्दाम संकर करून नवं रक्त का आणू नये? संकरानं पोकळ बीचा प्रश्न झटक्यात सुटेल, हे खरं आहे. पण तिसांपैकी प्रत्येक झाडाकडे काहीतरी वेगळं आहे आणि त्या वेगळेपणाचं एकमेकांशी मीलन अजून नीट करून पाहिलेलंच नव्हतं. घरातली माणसं एकमेकांना भेटलेलीच नसताना बाहेरचा पाहुणा बोलावण्याची घाई नको. आधी आतलं मीलन, ते अपुरं पडलं तर बाकीचं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या नव्या प्रकल्पानं हीच वाट धरली.

पिशवी, पराग आणि शिडी

नव्या प्रकल्पाचं नाव 'लाइफ फोर फर'. इटलीची राष्ट्रीय संशोधन परिषद, मादोनिए उद्यान, पालेर्मो विद्यापीठ आणि इतर काही जण त्यात एकत्र आले. त्यांचं मुख्य काम सांगायला एका वाक्याचं आहे: एका झाडाचा पराग माणसानं उचलून दुसऱ्या झाडावर न्यायचा.

करायला मात्र ते भारी चिकाटीचं. मादी शंकू शेंड्याजवळ, म्हणजे शिडी किंवा मचाण हवं. शंकू पराग घ्यायला तयार होण्याआधीच त्यावर पिशवी चढवायची, नाहीतर त्याच झाडाचा पराग आधी पोचतो. दुसऱ्या झाडाचे नर शंकू फुटण्याच्या बेतात असताना तोडायचे, वाळवायचे, झटकायचे, पिवळी धूळ गाळून थंड ठेवायची. मग शंकूचे कोवळे खवले जरा उघडले की नेमक्या त्या मोजक्या दिवसांत पिशवीच्या आत तो पराग सोडायचा. ऋतू संपला की पुढच्या संधीसाठी वर्षभर थांबायचं, आणि फर दर वर्षी भरपूर शंकू धरत नाही. नंतर पिशवीतली बी काढायची, भरीव वेगळी करायची, काही आठवडे ओल्या थंडीत ठेवायची, मग पेरायची. आणि उगवलेल्या रोपाचे जनुकीय ठसे पाहून खात्री करायची की त्याला खरंच आई-बाप दोन आहेत.

अशा तपासून निवडलेल्या रोपांसाठी मादोनिएत नव्या जागा शोधल्या गेल्या, कारण जुन्या खडकाळ उतारावरच पुन्हा लावणं म्हणजे शेवटच्या आडोशालाच घर समजणं. फरचं रोप सावलीत वाढणारं आहे. उघड्या उन्हात ठेवलं तर पहिला उन्हाळाच त्याला नेतो. बीच नावाच्या झाडांच्या जंगलाच्या कडेला किंवा झुडपाच्या आडोशाला ते टिकण्याची आशा जास्त. शिवाय तिसांची कलमं करून ती एका ठिकाणी जवळ जवळ लावायची योजना आहे. डोंगरावर जी झाडं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत ती तिथे हाताच्या अंतरावर असतील, आणि पुढचं परागण वाराच करेल. बी आणि पराग अतिशीत साठवणीत ठेवण्याचं कामही सुरू झालं. पोलित्सीत या एकाच झाडाला वाहिलेलं संग्रहालय आहे. एखाद्या गावानं तीस झाडांसाठी संग्रहालय उभं करावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

जे पिशवीत मावत नाही

बाकी धोके थोडक्यात. मादोनिएत सोडलेली फॅलो हरणं फार वाढली आहेत आणि रानडुकरं जमीन उकरतात. त्यामुळे शेळ्यांसाठी घातलेलं जुनं लाकडी कुंपण पुरत नाही, उंच आणि मजबूत लागतं. पाडसावरून नाव पडलेल्या डोंगरात हरणापासूनच रोप राखायची वेळ आली आहे.

आणि ऊन. ११ ऑगस्ट २०२१ ला सिसिलीत सिराकूझाजवळ ४८.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. युरोप खंडातला हा विक्रम जागतिक हवामान संघटनेनं नंतर मान्य केला. त्याच महिन्यात मादोनिएच्या उतारांवर वणवे लागले. सगळी मोठी झाडं दोनशे एकरांत असलेल्या जातीला एक वणवा पुरेसा आहे. नव्या जागा लांब लांब निवडण्याचं हेही एक कारण. डोंगर चढायला आता वर फारशी जागा नाही: झाडं १,६५० मीटरपर्यंत आहेत आणि शिखर १,९७९ वर संपतं.

या सगळ्या कामाचा हिशेब लगेच लागणार नाही. फर साधारण पंचवीस-तीस वर्षांचा झाल्याशिवाय शंकू धरत नाही. प्रकल्पाचा निधी मात्र चार-पाच वर्षांचा असतो. हातानं परागण करून आलेली रोपं आज गुडघ्याएवढीही नाहीत. त्यांच्या पहिल्या शंकूतली बी चिरून ती भरीव आहे की पोकळ हे पाहणारा माणूस कदाचित आज पोलित्सीच्या शाळेत शिकत असेल. तोवर दर हिवाळ्यानंतर कुणीतरी वर जाऊन बर्फानं वाकलेले कुंपणाचे खांब सरळ करायला हवेत.